चढ माहीत आहे, रेषा अक्षाला कुठे छेदते? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

सरळ रेषेचा चढ आणि तिच्यावरचा एक बिंदू माहीत असला की ती दोन्ही अक्षांना कुठे छेदते हे आलेख न काढता सांगता येतं. या विषयावर शाळेतल्या मुलांपासून शेतकऱ्यांपर्यंत अनेकांनी विचारलं आहे. त्यातले आठ प्रश्न इथे घेतले आहेत. आडवा अक्ष तो क्ष-अक्ष, उभा तो य-अक्ष आणि चढासाठी म हे अक्षर. बिंदू लिहिताना कंसात आधी क्ष, मग य.

प्रश्न : दहावीच्या निर्देशक भूमितीत दोन बिंदूंवरून चढ काढणं मुलीला जमतं. पण "चढ −३/४ आहे, रेषा (६, २) मधून जाते, ती अक्षांना कुठे छेदते?" असं विचारलं की ती आलेखाचा कागद शोधायला लागते. कागदाशिवाय कसं करायचं? (एक पालक, सांगली)

चढ म्हणजे क्ष एकने वाढला की य कितीने बदलतो तो आकडा. एवढं पक्कं धरलं की सूत्र पाठ करावं लागत नाही. −३/४ याचा अर्थ उजवीकडे ४ घरं गेलं की रेषा ३ घरं खाली येते आणि डावीकडे ४ घरं गेलं की ३ घरं वर जाते.

आधी य-अक्ष घेऊ. त्या अक्षावरच्या प्रत्येक बिंदूचा क्ष शून्य असतो. आपला क्ष आहे ६, तो शून्यावर आणायचा, म्हणजे आडवा बदल −६. उभा बदल = चढ × आडवा बदल = (−३/४) × (−६) = ४.५. मूळचा य होता २, त्यात ४.५ मिळवले की ६.५. रेषा य-अक्षाला (०, ६.५) मध्ये छेदते.

आता क्ष-अक्ष. तिथे य शून्य असतो. २ वरून शून्यावर यायचं, म्हणजे उभा बदल −२. आडवा बदल = उभा बदल ÷ चढ = (−२) ÷ (−३/४) = ८/३. मूळचा क्ष ६, त्यात ८/३ मिळवून २६/३, म्हणजे सुमारे ८.६७. छेदनबिंदू (२६/३, ०). उत्तरपत्रिकेत २६/३ असंच लिहावं. ८.६७ लिहिलं आणि तोच आकडा पुढच्या पायरीत वापरला की शेवटचं उत्तर किंचित हुकतं.

य-अक्षाकडे जाताना चढाने गुणलं आणि क्ष-अक्षाकडे जाताना चढाने भागलं, हे मुलीच्या लक्षात आणून द्या. पुढच्या काही उत्तरांमध्ये सगळी अडचण या भागाकारातूनच उभी राहणार आहे. बिंदू (अ, ब) असेल तर य-अक्षावरचा छेद ब − म × अ आणि क्ष-अक्षावरचा छेद अ − ब ÷ म. अकरावीत गेल्यावर यालाच इंटरसेप्ट म्हणतात.

पडताळा अर्ध्या मिनिटाचा आहे. य-अक्षावरच्या छेदाला क्ष-अक्षावरच्या छेदाने भागायचं आणि चिन्ह बदलायचं, की चढ परत मिळायला हवा. ६.५ ÷ (२६/३) = ३/४, चिन्ह बदलून −३/४. जुळलं.

प्रश्न : चिन्हांत हमखास घोळ होतो. चढ −२ आणि बिंदू (−५, −४) दिला होता. य-अक्षावरचा छेद माझा ६ आला, पुस्तकात −१४ आहे. कुठे चुकलं? (विद्यार्थी, बार्शी)

तू बहुधा −४ − (−२) × (−५) ही ओळ एका दमात सोडवली असणार. तीन उणे चिन्हं एकत्र दिसली की "उणे-उणे अधिक" म्हणून आधी −४ + २ करून टाकायचं किंवा शेवटी + १० लिहायचं, हे फार मुलांचं होतं. उपाय एकच: गुणाकार वेगळ्या ओळीत कर. (−२) × (−५) = १०. मग −४ − १० = −१४.

तितकीच उपयोगाची सवय म्हणजे आकडेमोडीआधी उत्तर कोणत्या बाजूला पडेल ते ठरवणं. चढ ऋण आहे, म्हणजे उजवीकडे जाताना रेषा उतरते. बिंदूचा क्ष −५ आहे, य-अक्ष त्याच्या उजवीकडे आहे. तिकडे जाताना रेषा उतरणार, मग उत्तर −४ पेक्षा खालीच असलं पाहिजे. ६ तर −४ च्या वर आहे. म्हणजे आकडेमोड न तपासताही तुझं उत्तर चूक आहे हे कळतं. परीक्षेत ही तपासणी आधी करायची, कारण चिन्हाची चूक नेमकी तीच पकडते.

याच रेषेचा क्ष-अक्षावरचा छेद: −४ ÷ −२ = २, मग −५ − २ = −७. इथेही आधी अंदाज घे. बिंदू क्ष-अक्षाच्या खाली आहे, वर चढायचं आहे, रेषा डावीकडे चढते, तेव्हा छेद −५ च्या डावीकडे हवा. −७ तसाच आहे. पडताळा: (−१४) ÷ (−७) = २, चिन्ह बदलून −२.

दुसरी एक चूक याच प्रकरणात सतत दिसते. क्ष-अक्षावरचा छेद काढायचा म्हणून मुलं क्ष = ० ठेवतात. अक्षाचं नाव आणि शून्य ठेवायचं अक्षर उलट असतात. क्ष-अक्षावर चालताना क्ष बदलत असतो, य मात्र शून्यावरच असतो. म्हणून क्ष-अक्षासाठी य = ० ठेवायचं आणि य-अक्षासाठी क्ष = ०.

प्रश्न : समीकरण ३क्ष + ४य = २६ असं दिलं असेल तर आधी चढ काढायलाच हवा का? (विद्यार्थिनी, रत्नागिरी)

नाही. य = ० ठेवलं की क्ष = २६/३, क्ष = ० ठेवलं की य = ६.५. ही पहिल्या प्रश्नातलीच रेषा आहे. चढाची वाट धरायची ती चढ आणि बिंदू दिले असतील तेव्हा. समीकरण हातात असताना त्या वाटेने जाणं म्हणजे चुकीला आणखी एक जागा देणं.

प्रश्न : चढ शून्य असेल तर भागाकार होत नाही. मग उत्तर काय लिहायचं? उभ्या रेषेचं काय? (शिक्षक, परभणी)

चढ शून्य म्हणजे रेषा आडवी. ती (३, ५) मधून जात असेल तर य-अक्षाला (०, ५) मध्ये छेदते, क्ष-अक्षाला छेदतच नाही. भागाकार अडतो तो याच कारणाने, आणि "क्ष-अक्षाला समांतर, छेद नाही" हेच पूर्ण उत्तर आहे. रेषा स्वतःच क्ष-अक्ष असेल तर तिचा प्रत्येक बिंदू सामाईक. उभ्या रेषेला चढ नसतो, पण (३, ५) मधून जाणारी उभी रेषा क्ष-अक्षाला (३, ०) मध्ये छेदते हे बिंदू पाहूनच कळतं.

वर्गात एक गोष्ट सांगायची राहून जाते ती आरंभबिंदूतून जाणाऱ्या रेषेची. तिचे दोन्ही छेद शून्य येतात आणि वर दिलेला पडताळा तिथे चालत नाही, कारण शून्याला शून्याने भागायची वेळ येते. अशा वेळी दिलेल्या बिंदूचा य भागिले क्ष करून चढाशी ताडून पाहायला सांगा.

प्रश्न : मुंबईच्या रिक्षाचं कमीत कमी भाडं २६ रुपये आहे. मुलाला भाड्याचा आलेख काढायला सांगितला तर त्याने रेषा य-अक्षावर २६ पासून सुरू केली आणि पुढे किलोमीटरमागे १७.१४ चा चढ दिला. सहा किलोमीटरला त्याच्या आलेखावर जवळपास १२९ रुपये येतात, मीटरवर मात्र १०३ च्या आसपास. चूक कोणाची? (वाचक, मुलुंड)

आलेखाची. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबई महानगर प्रदेशात लागू झालेल्या दरांत २६ रुपये हे पहिल्या दीड किलोमीटरचं भाडं आहे. म्हणजे हातात असलेला बिंदू (१.५, २६) हा आहे. मुलाने तो (०, २६) समजला. शून्याजवळचा पहिला आकडा दिसला की तोच य-अक्षावरचा छेद धरायचा, ही चूक व्यवहारातल्या आलेखांत सर्रास होते.

आता चढावरून खरा छेद काढू. दीड किलोमीटर मागे जायचं: १७.१४ × १.५ = २५.७१. २६ − २५.७१ = ०.२९. ही रेषा मागे वाढवली तर य-अक्षाला अवघ्या २९ पैशांवर छेदते. क्ष-अक्षावरचा छेद १.५ − २६ ÷ १७.१४, म्हणजे सुमारे −०.०१७ किलोमीटर, आरंभबिंदूच्या डावीकडे १७ मीटरवर. थोडक्यात रेषा जवळजवळ आरंभबिंदूतूनच जाते. सहा किलोमीटरला ०.२९ + १७.१४ × ६ = १०३.१३, मीटरशी जुळतं. मुलाच्या आलेखावर २६ + १०२.८४ = १२८.८४ झाले, कारण दीड किलोमीटरचे पैसे त्याने दोनदा धरले. थांबण्याचं आणि रात्रीचं भाडं यात धरलेलं नाही.

यातून भाड्याची रचनाही उलगडते. २६ रुपयांत बसण्याचे वेगळे पैसे नाहीतच. दर पहिल्या मीटरपासून तोच आहे, फक्त दीड किलोमीटरपेक्षा कमी गेलात तरी दीडचे पैसे द्यावे लागतात. त्याच दिवशी लागू झालेलं टॅक्सीचं भाडं ३१ रुपये आणि पुढे किलोमीटरला २०.६६. त्या रेषेचा छेद काढा: ३१ − ३०.९९ = एक पैसा.

आलेख काढताना मुलाला ० ते १.५ पर्यंत २६ वर आडवी रेघ आणि (१.५, २६) पासून पुढे तिरकी रेघ काढायला सांगा. तिरकी रेघ मागे वाढवायची असेल तर तुटक काढावी. त्या तुटक भागावर कोणतंही खरं भाडं नसतं, तो फक्त छेद शोधण्यापुरता आहे.

प्रश्न : विजेरी घटाचा अंतर्गत रोध काढायच्या प्रयोगात विभवांतर आणि विद्युतधारा यांचा आलेख काढला. रेषा खालच्या अक्षाला १.२ अँपिअरवर छेदताना दिसते, पण चढावरून हिशेब केला तर ४.८७ अँपिअर येतं. प्रयोगवहीत काय लिहू? (बारावीची विद्यार्थिनी, नाशिक)

तुम्ही सोबत पाठवलेले आकडे असे आहेत: ०.२ अँपिअरला १.४० व्होल्ट, ०.८ अँपिअरला १.२२ व्होल्ट, आणि उभ्या अक्षाची सुरुवात १.१ व्होल्टपासून. घोटाळा या शेवटच्या गोष्टीत आहे.

चढ = (१.२२ − १.४०) ÷ (०.८ − ०.२) = −०.१८ ÷ ०.६ = −०.३. म्हणजे अंतर्गत रोध ०.३ ओहम. य-अक्षावरचा छेद = १.४० + ०.३ × ०.२ = १.४६ व्होल्ट, हे घटाचं विद्युतगामक बल. इथवर आलेख आणि हिशेब जुळतात, कारण तुमचा आडवा अक्ष शून्यापासूनच सुरू होतो आणि उभी कडा खरोखरच धारा शून्य असलेली जागा आहे.

खालची कडा मात्र क्ष-अक्ष नाही. ती १.१ व्होल्टची रेघ आहे. रेषा तिला कुठे भेटते ते काढून पाहा: (१.४६ − १.१) ÷ ०.३ = १.२ अँपिअर. कागदावर दिसलेला आकडा नेमका हाच. खऱ्या क्ष-अक्षावर विभवांतर शून्य असतं, तिथे धारा १.४६ ÷ ०.३ = ४.८७ अँपिअर.

शून्यापासून सुरुवात न करणं चूक नाही. उलट १.१ ते १.५ पर्यंतचीच पट्टी घेतली म्हणून बिंदू मोकळे पसरले आणि चढ नीट काढता आला. शून्यापासून घेतलं असतं तर सगळे बिंदू कागदाच्या वरच्या भागात दाटले असते. पण एकदा अक्ष मधूनच सुरू केला की त्या अक्षावरचा छेद कागदावरून वाचायचा नाही, चढावरून काढायचा. तसंच आडवा अक्ष ०.१ पासून सुरू केला असता तर १.४६ सुद्धा चुकलं असतं, डाव्या कडेवर १.४३ दिसलं असतं.

४.८७ अँपिअर ही धारा वहीत लिहिताना तिच्यापुढे "रेषा वाढवून काढलेली" असं लिहा. मोजमापं ०.८ अँपिअरपर्यंतच आहेत. इतकी मोठी धारा वाहू लागली की घट तापतो, त्यातल्या रासायनिक क्रियेचा वेग पुरा पडत नाही, अंतर्गत रोध ०.३ वर टिकत नाही आणि रेषा सरळ राहत नाही. आकडा तपासायला म्हणून घटाची दोन टोकं तारेने सरळ जोडू नका, तार आणि घट दोन्ही तापतात.

चढ काढताना तीन गोष्टी सांभाळा. दोन बिंदू रेषेवरचे घ्यावेत, निरीक्षणांच्या तक्त्यातले नकोत. तक्त्यातला बिंदू रेषेपासून थोडा वर-खाली असतो आणि ती चूक तशीच चढात उतरते. हे दोन बिंदू एकमेकांपासून जमेल तितके लांब असावेत, रेषेच्या निम्म्याहून अधिक लांबी त्यांच्यामध्ये यावी. आणि कोन मोजून त्याचा टॅन्जंट घेऊन चढ काढायचा नाही. दोन्ही अक्षांची प्रमाणं वेगळी असतात, त्यामुळे कागदावरचा कोन तुम्ही एका सेंटिमीटरला किती व्होल्ट धरले त्यावर ठरतो. प्रमाण बदललं की कोन बदलतो, रोध बदलत नाही.

प्रश्न : १ मार्चला सकाळी विहिरीत फूटव्हॉल्व्हच्या (पंपाच्या पाइपच्या खालच्या टोकाची झडप) वर ४.२ मीटर पाणी होतं, १६ मार्चला ३.६ मीटर. मुलगा म्हणतो, यावरून पाणी कधी संपेल ते काढता येतं. खरंच येतं का? आलं तर त्यावर किती विसंबायचं? (शेतकरी, मंगळवेढा)

काढता येतं, आणि मोजायची तुमची पद्धत चांगली आहे. तळापासून न मोजता फूटव्हॉल्व्हपासून मोजलंत, त्यामुळे आलेखावरचं शून्य म्हणजे पंपाला पाणी मिळणं थांबतं ती पातळी. तळापासून मोजलं असतं तर रेषा अक्षाला छेदण्याच्या आधीच पंप हवा ओढू लागला असता. खरं तर फूटव्हॉल्व्ह उघडा पडायच्या थोडं आधीच भोवरा होऊन हवा शिरते, म्हणून शून्य आणखी एक-दीड फूट वर धरलंत तरी चालेल.

हिशेब असा. १ मार्च हा दिवस शून्य धरू. १५ दिवसांत पाणी ०.६ मीटर उतरलं. चढ = −०.६ ÷ १५ = −०.०४, म्हणजे दिवसाला ४ सेंटिमीटर उतार. क्ष-अक्षावरचा छेद = ४.२ ÷ ०.०४ = १०५ दिवस. १ मार्चपासून १०५ दिवस म्हणजे १४ जून.

आता विसंबायचं किती ते पाहू. दोरीला वजन बांधून पाणी मोजलं तर पाच सेंटिमीटर इकडे-तिकडे सहज होतात. समजा खरे आकडे ४.२५ आणि ३.५५ होते. मग उतार ०.७ मीटर, दिवसाला ४.६७ सेंटिमीटर, आणि पाणी ९१ दिवसांत संपतं: ३१ मे. उलट खरे आकडे ४.१५ आणि ३.६५ असतील तर उतार फक्त अर्धा मीटर, दिवसाला ३.३३ सेंटिमीटर, आणि पाणी साधारण १२४ दिवस पुरतं, म्हणजे जुलैचा पहिला आठवडा. पाच सेंटिमीटरच्या चुकीने एक महिन्याहून जास्त फरक पडला.

असं होतं कारण इथे चढाने भागावं लागतं आणि चढ लहान आहे. रेषा अक्षाकडे अगदी तिरकस, सावकाश येते. चढ थोडा हलला की छेदनबिंदू लांबवर सरकतो. शिवाय मोजलेला काळ १५ दिवसांचा आणि भाकीत त्याच्या सातपट पुढचं.

यावर उपाय जास्त काटेकोर फूटपट्टी हा नाही, मोजमापांमधलं अंतर वाढवणं हा आहे. हीच विहीर ३० एप्रिलला, म्हणजे ६० दिवसांनी पुन्हा मोजली आणि १.८ मीटर पाणी आलं असं धरा. तीच पाच सेंटिमीटरची चूक घेतली तरी उत्तर आता १०२ ते १०८ दिवसांच्या मध्ये येतं. महिन्याची अनिश्चितता आठवड्यावर आली. तोवर दर पंधरवड्याला मोजत राहा आणि सगळे बिंदू कागदावर मांडा.

बिंदू मांडायचं आणखी एक कारण आहे. पाणी खरोखर सरळ रेषेत उतरतंय का हे दोन बिंदूंवरून कधीच कळत नाही, दोन बिंदूंतून रेषा जातेच. तिसरा आणि चौथा बिंदू रेषेच्या खाली पडू लागले तर उतार वाढतोय. एप्रिल-मे मध्ये पिकाला पाणी जास्त लागतं, झरे मंदावतात, आणि विहीर खाली निमुळती असेल तर तेवढंच पाणी उपसलं तरी पातळी जास्त उतरते. तिन्ही कारणं एकाच दिशेची आहेत, म्हणून मार्चच्या मोजमापांवरून काढलेली तारीख बहुतेक वेळा उशिराची निघते. पिकाच्या पाण्याची पाळी ठरवताना ३१ मे ही अलीकडची तारीख धरा, १४ जून नको. बिंदू वाकताना दिसले तर जुने सोडून शेवटच्या तीन-चार बिंदूंतून नवी रेषा काढा. मध्येच वळीव झाला आणि पातळी वर आली तर त्याआधीचे आकडे या कामाला उपयोगाचे नाहीत, नव्याने सुरुवात करा.

मोजायची वेळ एकच ठेवा: पहाटे, पंप सुरू करण्याआधी, रात्रभर झरे भरल्यावर. संध्याकाळी उपसा झाल्यावर मोजलेला आकडा आणि पहाटेचा आकडा एका रेषेवर मांडले तर येणारा चढ विहिरीचा नसून पंपाचा असतो. आणि दोरी कठड्यावरच्या एकाच खुणेपासून सोडा.

प्रश्न : वरच्यासारखीच पाण्याच्या पातळीची नोंद मी एक्सेलमध्ये ठेवते. तारखा आणि पातळी देऊन ट्रेंडलाइन (सगळ्या बिंदूंच्या जवळून जाणारी रेषा) काढली, तिचं समीकरण चार्टवर आणलं. य-अक्षावरचा छेद हजारांत येतो आणि समीकरणावरून काढलेली पाणी संपायची तारीख रेषेवर दिसते त्यापेक्षा महिना-दीड महिना वेगळी येते. (ग्रामपंचायत कर्मचारी, अहिल्यानगर जिल्हा)

दोन्ही गोष्टींचं मूळ तारखांत आहे. एक्सेल तारीख साठवतं ती दिवसांच्या आकड्याने, आणि मोजणी १९०० सालाच्या सुरुवातीपासून होते. १ जानेवारी २०२५ म्हणजे ४५६५८. म्हणजे तुमच्या आलेखावर क्षचं शून्य सव्वाशे वर्षं मागे आहे. दिवसाला ४ सेंटिमीटर उतरणारी रेषा तितकी मागे नेली तर पाणी १८०० मीटरच्या वर जातं. गणित बरोबर आहे, त्या छेदाला अर्थ नाही.

तारीख चुकते ती चार्टवर छापलेल्या समीकरणातले अंक कापलेले असतात म्हणून. समजा खरा चढ −०.०३८७४ आहे आणि चार्टवर −०.०३८७ एवढाच दिसतो. फरक हजारात एक इतकाच. पण छेद काढताना साधारण ४५,८०० या आकड्यापर्यंत जायचं आहे, त्याचा हजारावा भाग म्हणजे सुमारे ४६ दिवस. तुमचा दीड महिना तिथून आला.

तारखेच्या शेजारी एक नवा स्तंभ करा आणि त्यात प्रत्येक तारखेतून पहिली तारीख वजा करा. ०, १५, ३० असे दिवस येतील. स्तंभात आकड्यांऐवजी तारखाच दिसल्या तर सेलचं फॉरमॅट नंबर करा. आता हे दिवस आणि पातळी घेऊन आलेख काढा. य-अक्षावरचा छेद पहिल्या दिवसाच्या पातळीच्या आसपास यायला हवा. तसा आला नाही तर एखादा आकडा चुकीचा भरला गेला आहे, किंवा पातळी सरळ रेषेत उतरत नाही.

चार्टचा प्रकार स्कॅटर घ्या. लाइन चार्टमध्ये आडव्या अक्षावरचे दिवस नुसती लेबलं धरली जातात आणि ट्रेंडलाइन १, २, ३ अशा क्रमांकांवर बसते. नोंदी कधी आठ दिवसांनी, कधी वीस दिवसांनी घेतल्या असतील तर तो चढ दिवसाचा नसून नोंदीमागचा असतो, आणि दिसायला रेषा तशीच छान दिसते.

चार्टवरचं समीकरण वाचण्यापेक्षा सेलमध्ये स्लोप आणि इंटरसेप्ट ही फंक्शन वापरा, त्यांचे अंक कापले जात नाहीत. दोन्हींत आधी पातळीचा स्तंभ द्यायचा आणि मग दिवसांचा. उलट दिला तरी एक्सेल तक्रार करत नाही, आकडा येतो, पण तो वेगळ्याच रेषेचा असतो. पाणी संपायचा दिवस = उणे इंटरसेप्ट भागिले स्लोप. आलेला आकडा पहिल्या तारखेत मिळवला आणि सेलचं फॉरमॅट तारीख केलं की तारीख समोर येते. स्लोप धन आला तर मिळालेला दिवस नोंदी सुरू होण्याच्या आधीचा असेल. तेव्हा पाणी वाढत असतं, किंवा पातळीऐवजी कठड्यापासून पाण्यापर्यंतची खोली भरलेली असते.